स्थळपाहणी

"बायको कायनं गेली?" प्रल्हादभाऊंनी विचारलं.

"एसटीनं," मी म्हणालो.

चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. प्रल्हादभाऊ मान खाली घालून बसले. माझ्या शेजारी खाटेवर रफिकभाई पोहे खात होता, त्याला जोराचा ठसका लागला. मला कळेना, चिखलीच्या गाडीत एवढं दुःख करण्यासारखं काय आहे. माझी बायको माहेरी गेली होती, अर्ध्या तिकिटात, हसतखेळत.

"कवा झालं हे?"

"परवा."

परवा ऐकल्यावर वहिनींनी कपाळाला हात लावला. मग त्या माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या. बायको घरी नाही, निवांत वेळ आहे, म्हणून मी आदल्याच दिवशी केसांना कलप लावला होता. चांगला काळाकुळकुळीत बसला होता.

आता हे सगळं नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी समुपदेशक आहे. काउन्सेलर. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बसतो. कोणाच्या रक्तात एचआयव्ही सापडला, की त्याला ते सांगायचं, धीर द्यायचा, औषध चालू करून द्यायचं आणि ते चालू राहील हे बघायचं, एवढंच माझं काम. शेवटचं सगळ्यात अवघड. हा आजार झाला म्हणजे माणूस गेला, हे आता राहिलेलं नाही. रोज एक गोळी. नेमानं घेतली तर विषाणू इतका कमी होतो की रक्ताच्या तपासणीतही सापडत नाही, आणि माणूस नातवंडं खेळवतो. पण खाडे पडले की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, आणि कधीकधी मग त्याच गोळीला जुमानत नाही.

जो रुग्ण गोळ्या न्यायला येत नाही त्याला शोधून काढायला आमच्याकडे शोभाताई होत्या. हुद्दा आउटरीच वर्कर. म्हणजे गावोगाव फिरणारी बाई. आता गावात जाऊन दार वाजवून 'मी एचआयव्हीवाली' असं सांगता येत नाही. तसं सांगणं गुन्हाच आहे, आणि गुन्हा नसता तरी त्या घरातल्या माणसाचं वाटोळं झालं असतं. म्हणून शोभाताईंनी घरागणिक वेगळं सोंग घेतलं होतं. एका घरी त्या बचत गटाच्या, एका घरी विम्याच्या, एका घरी साड्या विकणाऱ्या. एका गावात तर त्या कोणाच्या तरी दूरच्या मावशी होत्या आणि तिथल्या बारशाला खरोखरचं झबलं-टोपडं घेऊन गेल्या होत्या.

मग वरून पुनर्रचनेचा आदेश आला. आमच्या खात्यात पुनर्रचना म्हणजे दोघांचं काम एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला घरी पाठवायचं. शोभाताई घरी गेल्या. शेजारच्या तालुक्यातला माझा जोडीदार घरी गेला, आणि त्याचं सेंटर माझ्या गळ्यात पडलं. अर्धा आठवडा इकडे, अर्धा तिकडे. रक्त तपासणारा रफिकभाई, मूळचा सोनाळ्याचा, त्याच्याकडेही दोन लॅब आल्या. आमची खोली सलाईनच्या खोक्यांना दिली आणि आम्हाला दंत विभागात बसवलं, कारण दंतवैद्याची जागा कधीपासून रिकामीच होती. बाहेर पाटी 'दंत विभाग', आत ती मोठी वर-खाली होणारी खुर्ची, तिच्या बाजूला माझं टेबल आणि पडद्यामागे रफिकभाई. दाढ धरून येणाऱ्यांना समजावता समजावता माझी सकाळ जायची.

मी साहेबांना फोन केला.

"सर, गोळ्या सुटलेले रुग्ण आता कोण शोधणार?"

"फोन करा ना त्यांना."

"फोन भावाकडे असतो, सर. सासऱ्याकडे असतो."

"मग व्हॉट्सॲप करा."

साहेब माणूस वाईट नाही. त्यांच्याकडेही दोन जिल्हे आले होते आणि गाडी एकच, तीही गॅरेजला. मी फोन ठेवला आणि ठरवलं की आपणच जायचं. पहिलं नाव होतं सुनंदाचं.

हे नाव खरं नाही. गावही सांगत नाही, मोताळ्याच्या बाजूचं आहे एवढं पुरे. वय तिशीच्या थोडं पुढे. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी कावीळ झाली होती म्हणून सांगितलं, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हिला भावाच्या दारात आणून सोडलं. खरं काय ते हिला आमच्याकडे रक्त तपासल्यावर कळलं. भावाला माहीत नव्हतं. भाऊ जिवाला जीव देणारा, पण घरात लहान लेकरं, वहिनी, शेजारपाजार. सुनंदाला एकाच गोष्टीची धास्ती होती, की ताट वेगळं होईल. शोभाताई दर खेपेला पिशवीतून गोळ्या नेऊन द्यायच्या. त्या बंद झाल्या, आणि दिवाळी होऊन गेली तरी सुनंदा आली नाही. तिच्या गोळ्या संपून पंधरवडा तरी झाला असणार, हा हिशेब मला झोपू देत नव्हता.

शोभाताई आता नाशिकला लेकीकडे नातू सांभाळतात. आमच्या दवाखान्यात रेंज फक्त खिडकीत येते. मी खिडकीला चिकटून विचारलं, की सुनंदाच्या घरी जाऊन काय सांगू? तिकडे नातू रडत होता.

"स्थळ पाह्याले आलो म्हणजा, सर. शोभाताईनं धाडलं म्हणजा. ते लोक लगेच..."

आणि रेंज गेली.

आता माझंही ऐका. निम्मं आयुष्य सरकारी दवाखान्यात गेलेल्या माणसाला स्थळ म्हटलं की स्थळपाहणीच आठवणार. विहीर मंजूर व्हायची असो की घरकुल, आधी एक जण फाईल घेऊन जागा बघून जातो. मला शोभाताईंचं फार कौतुक वाटलं. काय डोकं लढवलंय बाईनं. सरकारी माणसाला गावात कोणी अडवत नाही आणि कोणी फार विचारतही नाही. मी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, रिकामी फाईल घेतली. गोळ्यांची डबी पिशवीत टाकली. रफिकभाईच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

"सर, ताई स्थळच म्हणली न? पक्कं?" त्यानं विचारलं.

"पक्कं."

तो गालातल्या गालात हसला. मला वाटलं, थंडीची हवा आहे, माणूस खुश आहे.

सुनंदाचे भाऊ प्रल्हादभाऊ अंगणात कापसाच्या गाठोड्यावर बसून बिडी ओढत होते. मी सरकारी आवाजात म्हणालो, "स्थळ पाहायला आलो. शोभाताईंनी पाठवलं." त्या माणसानं बिडी विझवली, दोन्ही हात जोडले आणि आत आवाज दिला की पोहे टाका. सरकारी योजनेचा एवढा मान मी जन्मात पाहिला नव्हता. खाट आली, खाटेवर नवी चादर आली, तांब्या आला. मी फाईल उघडून बसलो.

"जागा कुठे आहे?" मी विचारलं.

"आत हाय. तयार होऊन राह्यली," प्रल्हादभाऊ म्हणाले.

तयार होतेय म्हणजे साफसफाई चालू असेल, असं मी समजलो. "याआधी कोणी पाहून गेलं का?"

"दोघं-तिघं आले. पाहून गेले. मंग कोणाचा निरोप नाई आला." ते जरा ओशाळले. "एक डाव झालेलं हाय न, साहेब. आमी लपवत नाई."

"एकदा झालेलं असेल तर पुन्हा मंजुरी अवघड असते," मी फाईलकडे बघत म्हणालो. "नियमच आहे तसा."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, म्हणून मी पुढे म्हणालो की बघू, वरच्यांशी बोलून काही करता आलं तर करू. मग विचारलं की सातबारा कोणाच्या नावावर आहे. ते माझ्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, की वावर त दोघा बहीणभावाचं हाय, पण आतापासून त्याचं काऊन इचारता. रफिकभाई माझ्या पायावर पाय देत होता. मला वाटलं खाट आखूड आहे.

मग त्यांनी घरची चौकशी सुरू केली. घरी कोण कोण असतं? मी म्हणालो, सध्या मी एकटाच, बायको गेली. आणि मग ते एसटीचं झालं.

एवढ्यात आतून सुनंदा आली. डोक्यावर पदर, अंगावर ठेवणीतली साडी, हातात चहाचा ट्रे. तिनं वर बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मला ओळखलं आणि पदर आणखी पुढे ओढला. वहिनी माझ्याकडे बोट करून तिला हलकेच म्हणाल्या, की नीट पाहून घे व माय, मंग म्हणू नको.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या घरी शोभाताईंचं सोंग लग्नं जुळवणाऱ्या बाईचं होतं. मी पन्नाशीला टेकलेला, दोन पोरांचा बाप, हातात सरकारी फाईल घेऊन एका बाईला बघायला आलो होतो, तिच्या जमिनीची चौकशी करत होतो, आणि माझी बायको परवाच एसटीखाली वारली होती.

मी उठायला लागलो. रफिकभाईनं माझ्या मांडीवर हात दाबला आणि कानाशी येऊन म्हणाला, "सर, नवरदेवच राहा. नाई त आपण कोण आहो, ते सांगा लागन."

खरं होतं. मी नवरदेव नसेन तर मी कोण? एका क्षणात त्या घरात तो प्रश्न उभा राहिला असता, आणि त्याचं उत्तर सुनंदाला द्यावं लागलं असतं. मी खाली बसलो आणि चहा घेतला. साखर फार होती. लग्नाचं गोड.

पुढचं रफिकभाईनं सांभाळलं. तो अगदी वडीलकीच्या आवाजात म्हणाला, की आजकाल जमाना बदलला, दोघांचं वय झालेलं हाय, त्यांले दोन शब्द बोलू द्या एकांतात. प्रल्हादभाऊंनी जरा विचार केला आणि हो म्हणाले. आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. खोलीत वेचलेल्या कापसाचा छातीएवढा ढीग होता. वहिनी दाराबाहेर तांदूळ निवडत बसल्या. तांदूळ निवडायला दारच बरं पडतं.

एक सांगतो. पुनर्रचना झाल्यापासून मला रुग्णाशी बोलायला चार भिंतींची बंद खोली मिळाली नव्हती. ती त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली.

सुनंदाच्या डोळ्यांना धार लागली होती. ती कुजबुजत म्हणाली, "सर, मले वाटलं सरलं सारं. ताई आली नाई. गोया संपल्या. मी रोज रस्त्याकडं पाहो. मले वाटलं सरकारनं आमाले सोडून देलं."

 सोडलं नाही, फक्त माणसं कमी केली, असं सांगायचं? मी पिशवीतून डबी काढली. डबी खुळखुळली. बाहेर तांदूळ निवडायचा आवाज थांबला. सुनंदानं डोळे पुसले, डबी उघडली, ढिगातला चिमूटभर कापूस घेऊन आत कोंबला आणि झाकण लावलं. हलवून बघितली. आवाज नाही. डबी पदराआड गेली, तांदूळ पुन्हा सुरू झाला. हे काम तिनं कितीदा केलं असेल, देव जाणे.

मग ती दाराकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "तुमच्या घरी नेम-धरम काय काय हाय?"

पोरगी हुशार. मीही मोठ्यानं म्हणालो, "एकच नेम. रोज, ठरल्या वेळेला. एकही खाडा मला चालत नाही."

"आन् मधात खाडा पडला असन त?"

"पडला तो पडला. आजपासून पुन्हा सुरू. पण एकदा दवाखान्यात येऊन रक्त द्यावं लागेल." हे शेवटचं मी अगदी हळू बोललो. खंड पडला, की गोळी अजून काम करते की नाही हे रक्त तपासूनच कळतं. ते गावात होत नाही.

"कशी येऊ?" ती म्हणाली. "कोणतं काम काढून येऊ?"

याचं उत्तर दुसऱ्या आठवड्यात प्रल्हादभाऊंनीच आणून दिलं.

आपल्याकडे स्थळ बघून झालं की मुलाची चौकशी होते. तो कामावर जातो का, पितो का, साहेब काय म्हणतात. प्रल्हादभाऊ रीतीप्रमाणे माझ्या दवाखान्यात चौकशीला आले. आणि सुनंदानं हट्ट धरला होता, की मी बी येतो, माणूस मले बी पाहू द्या. वहिनी म्हणाल्या म्हणे, की घेऊन जा, त्यानं आल्याबरोबर सातबारा इचारला, माणूस बेरकी हाय.

दारातली पाटी वाचून प्रल्हादभाऊंचा चेहरा उजळला. "अरे, तुमी दाताचे डाक्टर!"

मी नाही म्हणत होतो, मी फक्त इथे बसतो म्हणत होतो, तोवर ते खुर्चीत जाऊन बसले होते. उजवीकडची खालची दाढ. महिनाभरापासून ठणकत होती. तोंड त्यांनी जे उघडलं ते मिटेचनात.

पडद्याआडून रफिकभाईनं मला खूण केली. सुनंदा पाणी पिऊन येते म्हणून पडद्याआड गेली होती. त्याला हवी होती फक्त पाच मिनिटं.

मी टॉर्च घेतला. मी समाजकार्य शिकलेला माणूस. दाढेबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती दुखते. पण आतमध्ये बघत मी म्हणालो, हं. मग म्हणालो, बापरे. ते घाबरले आणि त्यांनी तोंड आणखी उघडलं. मी विचारलं, गरम लागतं का? त्यांनी आऽ केलं. थंड? आऽ. पडद्यामागे रफिकभाई दंडाची रबरी पट्टी सोडत होता, तिचा चट् असा आवाज आला. मी जोरात म्हणालो, "ही दाढ बुलढाण्याला दाखवा, भाऊ. इथे हात लावणार नाही." आयुष्यात दिलेला सगळ्यात प्रामाणिक वैद्यकीय सल्ला.

सुनंदा पदर सावरत बाहेर आली. कोपरात कापसाचा बोळा दाबून धरलेला, वर पदर.

मग प्रल्हादभाऊ नर्सबाईंकडे जाऊन चौकशी करून आले. नर्सबाईंना आतली गोष्ट ठाऊक नव्हती, आणि प्रल्हादभाऊंनीही स्थळाचा विषय न काढता माणूस कसा आहे एवढंच विचारलं. त्यांनी जे खरं ते सांगितलं. माणूस सरळ आहे, पीत नाही, पण परमनंट नाही. कंत्राटी आहे. मार्चला ऑर्डर वाढली तर वाढली.

प्रल्हादभाऊ माझ्या टेबलासमोर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला त्या माणसाची दया आली. तो खरोखर कष्टी झाला होता.

"साहेब, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमी माणूस चांगले आहा. बायकोचंही झालं ते वाईट झालं. पण तुमची नौकरी आज हाय, उद्या नाई. आमच्या सुनंदीले मी तुमच्या भरोशावर कशी ठेवू?"

सुनंदा त्यांच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं. त्या माणसाला माहीत नव्हतं, की त्याची बहीण आधीपासून माझ्याच भरोशावर आहे. ती आणि तिच्यासारखी दोन तालुक्यांतली सगळी माणसं. मला जोरात ओरडून सांगावंसं वाटलं, की भाऊ, हाच प्रश्न जरा वर जाऊन विचारा, मी तुम्हाला गाडीभाडं देतो. पण मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं."

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. विषाणू थोडा वाढला होता, पण हाताबाहेर गेला नव्हता. गोळी काम करत होती. रफिकभाईनं पेढे आणले, आणि ते देताना नर्सबाईंना सांगितलं की सरांचं लग्न मोडलं. हे माझ्या बायकोपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. ती चिखलीहून एसटीनंच परत आली होती, जिवंत, आणि मला या प्रकरणाचा खुलासा पहिल्यापासून करावा लागला, रुग्णाचं नाव, गाव, आजार, काहीही न सांगता. करून बघा एकदा. केसांच्या कलपाचं तिला अजून पटलेलं नाही.

सुनंदा आता दर तीन महिन्यांनी येते. घरी सांगते, दाढ ठणकते. भावाला पटतं, कारण बहीणभावाची दाढ एकाच घरातली. तीन डब्या घेते, पिशवीतून आणलेला कापूस त्यात भरते आणि जाते. मागच्या खेपेला मी तिला सांगून ठेवलं, की मार्चचं काही खरं नाही, माझ्या जागी दुसरा येईल किंवा कोणीच येणार नाही, तू बुलढाण्याचा रस्ता माहीत करून ठेव.

ती कापूस भरता भरता थांबली. "सर, दादानं तुमाले नापसंत केलं. मी नाई केलं. तुमी फक्त या खुर्चीपाशी बसेल राहा."

मी हो म्हणालो. आमच्या नोकरीत असं हो म्हणायचा अधिकार कोणाला नाही, तरी म्हणालो.

परवा साहेबांचा फोन आला. आवाज एकदम खुशीत. माझ्या ऑर्डरचं अजून काही कळलं नव्हतं, पण दुसरी चांगली बातमी होती. इतक्या वर्षांनी दंतवैद्याची जागा भरली जाणार आहे, तेव्हा खोली रिकामी करून ठेवा. सरकारनं एखादी जागा भरू नये म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाला हात जोडले. आणि एक शिकलो, कोणी स्थळ पाहायला जा म्हटलं, तर कोणाचं, हे रेंज असतानाच विचारून घ्यावं.